चान्या वाळत घालण्याआधी

चान्या म्हणजे उन्हात वाळवलेल्या मटणाच्या पट्ट्या. त्या करायच्या तर सगळ्यात आधी गच्ची ठरवा, मटण नंतर. सोलापुरात चैत्र लागला की प्रत्येक गच्चीवर कुणाचं ना कुणाचं वाळवण पडलेलं असतं. आमच्या वरच्या काकू माळकरी. त्यांच्या कुरडयांच्या साडीशेजारी मी एकदा मटणाची सुतळी बांधली होती आणि त्यानंतर दोन महिने जिन्यात कुणी माझ्याशी बोललं नाही. आता त्यांच्या कुरडया डब्यात गेल्या की मी विचारतो, "काकू, ह्या आठवड्यात गच्ची लागती का तुम्हाला?" कशासाठी ते त्या विचारत नाहीत, मीही सांगत नाही.

मार्चअखेर ते मेचा पहिला पंधरवडा हाच काळ धरा. पारा चाळिशीपार, हवा कोरडी, आणि सलग तीन दिवस कडक ऊन. दुपारी ढग भरून यायला लागले की बेत पुढं ढकला. वळिवाच्या एका सरीनं सगळं वाया जातं.

मटण रविवारी आणू नका, त्या गर्दीत मनासारखं कापून मिळत नाही. मी मधल्या वारी सकाळीच विजापूर वेशीत जातो आणि म्हणतो, "चाचा, मांडीचं द्या, हाड नको, चरबी वेगळ्या पिशवीत." चरबी वेगळी का, तर ती वाळत नाही, खवट होते, आणि एक खवट तुकडा अख्ख्या बरणीला वास लावतो. दोन किलो आणलं तर हातात अर्धा-पाऊण किलो पडेल, हे घरच्यांना आधीच सांगा. कच्च्या मटणात चारातले जवळपास तीन हिस्से पाणीच असतं.

घरी आणल्यावर तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. जरा कडक झालं की सुरी सरळ चालते. धाग्याच्या दिशेनं लांब पट्ट्या काढायच्या, जाडी करंगळीच्या निम्मी. मी पहिल्या वर्षी अंगठ्याएवढ्या जाड पट्ट्या केल्या होत्या. आपल्याकडच्या उन्हानं त्या वरून एका दिवसात लाकडासारख्या झाल्या, मी खूश होऊन बरणी भरली. बाराव्या दिवशी झाकण उघडलं तर आत पांढरी-हिरवी लव. मोडून पाहिलं तर मधोमध ओला, तांबडा गर तसाच. वरचा थर घट्ट झाल्यानं आतलं पाणी कोंडलं होतं. सगळं फेकलं. बुरशी खरवडून खायच्या फंदात पडू नका.

किलोला 50 ग्रॅम मीठ, एक चमचा हळद, ठेचलेला लसूण. चोळून रात्रभर फ्रीजमध्ये. जुन्या बायका कच्च्याच वाळवायच्या, मी मात्र सकाळी पट्ट्या उकळत्या पाण्यातून पाचेक मिनिटं काढतो, कारण नुसत्या उन्हानं मटणातले जंतू मरतीलच असं नाही. मग दाभणानं सुतळीत ओवायच्या, दोन पट्ट्यांत बोटभर अंतर, आणि वरून जुनी मच्छरदाणी चहूबाजूंनी खाली दगड ठेवून. माशी एकदा बसली की संपलं. मांजर आणि कावळ्यांसाठी घरातलं एक रिकामं पोर काठी घेऊन बसवा. संध्याकाळी सुतळी घरात, पंख्याखाली.

झालं का ते वाकवून बघायचं. पट्टी वाकताना चिरली पाहिजे, आत धागे दिसले पाहिजेत, आणि दाबल्यावर बोटाला ओल लागता कामा नये. नुसती लवचीक असेल तर अजून एक दिवस. बरणी कोरडी ठणठणीत हवी, आणि आठ-पंधरा दिवसांनी ऊन दाखवायचं.

आता ती चरबीची पिशवी. बारीक चिरून, अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर ठेवा. पाणी आटून तडतड थांबली की गाळून घ्या. फ्रीजमध्ये ठेवलं की डालड्यासारखं पांढरं घट्ट होतं आणि काळ्या मसाल्याचं कालवण त्यात फोडणीला टाकलं की वास तिसऱ्या घरापर्यंत जातो. शिजवलेलं मटण चरबीत बुडवून बाहेर ठेवायचा प्रयोग मात्र कुणी सुचवला तरी करू नका. हवा बंद झाली म्हणून ते टिकत नाही. हवा नसतानाच वाढणारा एक जीवाणू त्यात विष तयार करतो आणि त्याला वासही येईल असं नाही.

चान्या हे नाव गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतलं. तिथं ही हौस नव्हती, पावसाळ्यातल्या उपाशी दिवसांची सोय होती. आम्ही त्या तव्यावर भाजून, खलबत्त्यात लसूण आणि सुक्या मिरचीबरोबर कुटतो आणि कडक भाकरीचा तुकडा मोडून त्यावर घेतो. श्रावण लागायच्या आत बरणी रिकामी करायची असते. आमची आखाडाच्या पहिल्या आठवड्यातच तळाला लागते.