बॅटरीशिवायचा सेन्सर: आधी झोपेचा हिशोब

माझा पहिला सौर सेन्सर दिवसभर इमानदारीत तापमान पाठवायचा आणि रात्री कधीतरी गप्प व्हायचा. मी मोठं पॅनेल लावलं. तरी तेच. चोर निघाला बोर्डवरच: व्होल्टेज मोजायला लावलेले दोन 100 किलोओहमचे रेझिस्टर. 4 व्होल्टला त्यांतून सतत 20 मायक्रोॲम्पिअर वाहत होते.

म्हणून पॅनेल घेण्याआधी कागद घ्या. समजा, रेडिओ 3.3 व्होल्टला 40 मिलिॲम्पिअर खातो, 60 मिलिसेकंद. म्हणजे एका संदेशाला साधारण 8 मिलिजूल. दर 15 मिनिटांनी एक संदेश जातो आणि मधल्या वेळेत 5 मायक्रोॲम्पिअरवर झोप. ती झोप 15 मिलिजूल खाते, संदेशाच्या जवळजवळ दुप्पट! माझ्या त्या दोन रेझिस्टरांचे तेवढ्याच वेळात 72 व्हायचे. आता तिथे 10 मेगाओहमचे दोन आहेत आणि मधल्या बिंदूवर 100 नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर, नाहीतर रीडिंग भलतंच येतं. पॉवरचा एलईडी काढून टाका. एएमएस1117 रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारी चिप) असेल तर तोही काढा. काही न करता तो 5 मिलिॲम्पिअरच्या आसपास पितो.

झोपेचा करंट मोजताना मल्टिमीटर मायक्रोॲम्पिअर रेंजवर सिरीजमध्ये लावला, की बोर्ड जागा होताना मीटरमध्येच व्होल्टेज पडतं आणि रीसेट होतो. मीटरच्या दोन टोकांवर वायरचा तुकडा धरून ठेवा, बोर्ड झोपला की उचला.

आता साठा. वरच्या हिशोबाने दिवसाला 2.2 जूल लागतात. 1 फॅरॅडचा सुपरकपॅसिटर (बॅटरीच्या जागी वीज साठवणारा मोठा कपॅसिटर) 4.5 वरून 2.4 व्होल्टपर्यंत उतरला तर 7.2 जूल देतो (अर्धा गुणिले फॅरॅड, गुणिले व्होल्टेजच्या वर्गांतला फरक). कागदावर तीन दिवस. गळती आणि कन्व्हर्टरचा तोटा धरून मी निम्मेच मोजतो. नवा कपॅसिटर पहिले दोन-तीन दिवस जास्त गळतो, तेवढ्यावरून त्याला नावं ठेवू नका. नाण्याच्या आकाराचे कपॅसिटर घेताना मात्र अंतर्गत रोध बघाच. तो 30 ओहम असेल तर 40 मिलिॲम्पिअरला 1.2 व्होल्ट तिथेच गेले. लिथियम-आयन सेलमध्ये साठा भरपूर मिळतो, पण शून्य अंशाखाली तो चार्ज करायचा नाही.

पॅनेलची तुटपुंजी वीज साठ्यात भरायला बीक्यू25570 सारखी चिप घ्या. एकदा सुरू झाली की 100 मिलिव्होल्टवरूनही ती ऊर्जा ओढते, पण पूर्ण रिकाम्या साठ्यावरून उठायला तिला 600 च्या आसपास लागतात. खोलीतल्या दिव्यावर चालवायचं असेल तर अमॉर्फस सिलिकॉनचं पॅनेल बरं.

सगळ्यात छळते ती पहाट. साठा रिकामा, उजेड अंधुक. व्होल्टेज कसंबसं 2 पर्यंत चढतं, कंट्रोलर (बोर्डचा मेंदू) जागा होतो, रेडिओ नेटवर्क शोधू लागतो आणि जमवलेलं सगळं उडवतो. पुन्हा शून्य. दुपारपर्यंत हेच चालू राहतं. उपाय: लोड, म्हणजे कंट्रोलर आणि रेडिओ, 3.6 व्होल्टला जोडा, 2.4 ला तोडा. 1 फॅरॅडला मधले 3.6 जूल हाताशी राहतात. हे काम हार्डवेअरकडेच द्या. स्वतःच अर्धमेल्या कंट्रोलरवर ते सोपवून मी एक आख्खा पावसाळा वाया घालवलाय. कोडमध्ये एवढंच: 3 व्होल्टखाली संदेश तासाला एक.