स्वमग्न मुलाला चित्रफितीतून संवाद शिकवताना

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला एखादी गोष्ट तोंडी सांगत राहण्यापेक्षा ती मोबाईलवर चित्रित करून दाखवणे पुष्कळदा अधिक उपयोगी पडते, कारण आपण दर वेळी थोडे वेगळे बोलतो, चित्रफीत मात्र तंतोतंत तीच राहते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्जोरी शार्लप-ख्रिस्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रत्यक्ष करून दाखवण्यापेक्षा चित्रफितीमुळे मुले लवकर शिकल्याचे आढळले. त्यात मुले पाचच होती, हेही लक्षात ठेवावे.

सुरुवातीला एकच कौशल्य निवडावे, आणि ते मुलाला स्वतःला हवेसे वाटणाऱ्या गोष्टीशी जोडलेले असावे. पोहे आवडत असतील, तर दुकानात पोहे मागणे हा उत्तम आरंभ आहे.

इंदूरच्या मराठी घरांत येथे भाषेचा प्रश्न येतो. घरी मूल "आजी, मला पाणी दे" म्हणते, पण दुकानात "भैया, एक प्लेट पोहा देना" असेच म्हणावे लागते. म्हणून ज्या ठिकाणी जी भाषा लागते, तीच त्या चित्रफितीत असावी. दोन्ही भाषा एकाच फितीत मिसळू नयेत. पाहुण्यांना नमस्कार करण्याची फीत मराठीत, दुकानाची हिंदीत, अशा दोन स्वतंत्र फिती कराव्यात.

फीत अर्ध्या ते एक मिनिटाची पुरे. मुलाच्या वयाचे भावंड किंवा मित्र त्यात असावा, मागे टीव्ही वा कुकरचा आवाज नसावा, आणि शेवटी पोह्यांची प्लेट हातात आलेली स्पष्ट दिसावी. फीत दोन-तीनदा दाखवून लगेच घरातच लुटुपुटीचे दुकान मांडावे, आणि ते जमू लागल्यावर गर्दी नसलेल्या वेळी खऱ्या दुकानात जावे. जे मूल बोलत नाही, त्याच्या फितीत चित्रकार्ड दाखवून मागणे असावे. तोही पूर्ण संवादच आहे.

समोरच्याच्या डोळ्यांत पाहण्याची सक्ती मात्र फितीतही नको आणि सरावातही नको. अनेक स्वमग्न व्यक्तींना ते त्रासदायक वाटते.

पुढे मुलाचेच चित्रण करून, आपण दिलेल्या सूचना कापून, त्याला स्वतःचे यश दाखवता येते. दोन आठवड्यांत काहीच बदल दिसला नाही, तर मुलाला दोष न देता कौशल्याचे आणखी लहान भाग करावेत आणि वाचोपचारतज्ज्ञांना (स्पीच थेरपिस्टना) ती फीत दाखवावी.