फोनवर सारखं 'व्हायरस आलाय' यायलंय? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

मोबाईल टिंग करतो, वर लाल तिकोनी खूण, खाली लिहिलेलं असतंय 'तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस सापडलेत, लगेच साफ करा'. माणूस घाबरतो, फोन घेऊन पळत दुकानात जातो, तिथं कुणीतरी न बघताच सांगतं की फॉरमॅट मारावा लागेल, मग चार-पाचशे रुपये पण जातात अन् पोरीच्या बारशाचे फोटो पण. थांबा जरा.

बहुतेक वेळा फोनमध्ये व्हायरस-बियरस काही नसतंय. कुठल्यातरी एका वेबसाईटला तुमच्या फोनवर मेसेज टाकायची परवानगी मिळालेली असते आणि ती साईट त्या परवानगीचं पार सोनं करायलीय, बास. परवानगी काढली की विषय संपला. पैसे लागत नाहीत, ॲप लागत नाही, अँटीव्हायरस तर अजिबात लागत नाही, आणि 'फोन क्लीनर' नावाची ती ॲपं तर टाकूच नका, त्यातली कितीतरी स्वतःच जाहिराती दाखवत बसतात.

आता ही परवानगी दिली कुणी? तुम्हीच, नाहीतर घरातल्या कुणीतरी. पावसाळ्यात आपल्याकडं ज्याला त्याला 'उजनी धरण आज किती टक्के' बघायचं असतंय, कांदा काढलेले लोक सकाळी उठल्या उठल्या 'सोलापूर कांदा भाव आजचा' टाकतात, पोरं फुकट मॅचची लिंक हुडकतात, अन् दहावी-बारावीच्या निकालादिवशी तर विचारूच नका. असल्या सर्चमध्ये वरती भलत्याच साईटी येऊन बसलेल्या असतात. उघडली की एक छोटी खिडकी येते, या साईटला नोटिफिकेशन पाठवायच्या आहेत, खाली 'ब्लॉक' आणि 'अलाऊ'. आपल्याला धरणाचा आकडा बघायचाय, ही बया मधे आडवी आलीय, अलाऊ दाबलं की बाजूला होते, म्हणून अलाऊ. झालं काम.

याच्यापेक्षा हलकट प्रकार म्हणजे खोटा कॅप्चा. पांढरं पान, मधोमध रोबोटचं चित्र, 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा'. किंवा व्हिडिओची काळी चौकट, आत गोल चक्र फिरतंय, 'व्हिडिओ चालू करायला अलाऊ दाबा'. खरा कॅप्चा चौकटीत टिक करायला लावतो, नाहीतर सिग्नल कुठला, बस कुठली ते ओळखायला लावतो, नोटिफिकेशनची परवानगी तो कधीच मागत नाही. आणि गंमत बघा, तुम्ही शहाणपणानं ब्लॉक दाबलं तरी पान परत तसंच येतं, फक्त वरच्या पत्त्यात सुरुवातीला एखादं अक्षर किंवा आकडा बदललेला असतो, म्हणजे ब्राउझरला (क्रोमसारखं ज्या ॲपमध्ये साईटी उघडतात ते) वाटतं ही वेगळीच साईट आहे आणि तो परत विचारतो. तिथं ब्लॉक-ब्लॉक खेळत बसू नका, टॅबच बंद करून टाका.

लोकांना एक गोष्ट कळत नाही की साईट तर कधीच बंद केली, मग मेसेज कसा येतो? साईटींनी नोटिफिकेशन पाठवायची ही सोय क्रोममध्ये २०१५ पासून आहे आणि मुळात ती चांगल्या कामासाठी आहे, बातम्या, मेल, चॅट असल्यासाठी. अलाऊ दाबलं की साईट ब्राउझरमध्ये एक छोटा प्रोग्राम ठेवून जाते आणि तिथून पुढं मेसेज गुगलच्या सर्व्हरमार्गे थेट फोनवर येतात, त्यामुळं साईट उघडी असायची गरजच नसते, अँड्रॉइडवर तर क्रोम पण उघडं नसलं तरी चालतं. म्हणून हिस्ट्री उडवून उपयोग नाही, फोन बंद-चालू करून उपयोग नाही, सगळे टॅब बंद करून पण उपयोग नाही.

ओळखायचं कसं ते सांगतो, कारण खरी मेख इथंच आहे. मला घरून फोन येतो तेव्हा बोलणं असंच होतं:

"अरे, बँकेचं आलंय बघ, खातं बंद होणाराय म्हणतंय."

"काकू, दाबू नका. त्या मेसेजच्या वरती नाहीतर खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा मला."

"क्रोम लिहिलंय… अन् पुढं काहीतरी इंग्रजी, डॉट, एक्स वाय झेड."

संपलं, निदान झालं. बँकेचा मेसेज बँकेच्या ॲपकडून येईल, क्रोमकडून कशाला येईल? मोठ्या अक्षरात काय लिहायचं आणि शेजारी कुठलं चित्र लावायचं हे त्या साईटच्या हातात असतंय, म्हणून तिथं बँकेचा लोगो दिसतो, व्हॉट्सॲपचा हिरवा गोल दिसतो, लॉटरीवाल्याचं सोन्याचं नाणं दिसतं. पण ब्राउझरचं नाव आणि साईटचा पत्ता ही बारीक ओळ ब्राउझर स्वतः टाकतो, ती त्यांना खोटी करता येत नाही. मोठं वाचू नका, बारीक वाचा. कॉम्प्युटरवर पण तेच, उजव्या कोपऱ्यात खाली जो डबा वर येतो त्यात अँटीव्हायरसचं नाव कितीही मोठं असलं तरी कुठंतरी गुगल क्रोम नाहीतर एज आणि साईटचं नाव असतंच.

आता काढायचं कसं.

अँड्रॉइड फोनवर सगळ्यात सोपं म्हणजे पुढचा मेसेज यायची वाट बघा (यायला वेळ लागत नाही म्हणा), आला की त्याच्यावर टॅप करू नका, बोट दाबून धरा. त्या साईटचं नाव आणि बंद करायचं बटण येतं, बंद करा. काही फोनवर दाबून धरल्यावर गिअरचं चित्र येतं, ते दाबलं की क्रोमच्या नोटिफिकेशनची यादी उघडते, त्यात साईटची नावं असतात, तिथून बंद करा. मेसेजच्या आतच 'स्कॅन करा', 'नको', 'बंद करा' असली बटणं असतील तर ती मात्र दाबू नका, कारण ती बटणं पण साईटच बनवू शकते आणि 'नको' दाबलं तरी तीच साईट उघडते.

दुसरा रस्ता क्रोममधून. क्रोम उघडा, वर उजवीकडं तीन ठिपके, सेटिंग्ज, मग साईट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन. फोन मराठीत असेल तर 'सूचना' शोधा. तिथं परवानगी मिळालेल्या साईटींची यादी दिसते आणि ती बघून बऱ्याच जणांचे डोळे पांढरे होतात, कारण एकच साईट समजून बसलेलो असतो आणि तिथं एकाच नावाच्या पाच-सहा बहिणी रांगेत उभ्या असतात, वर सांगितलं ना पत्त्यातलं अक्षर बदलून परत विचारतात, ते हे. एकेक उघडून ब्लॉक करा. नुसतं डिलीट केलं तर ती साईट उद्या परत विचारू शकते, ब्लॉक केलं तर विचारू शकत नाही, म्हणून ब्लॉक.

क्रोमच्या सगळ्याच नोटिफिकेशन फोनच्या सेटिंगमधून बंद केल्या तर? चालतंय, पण मग फाईल डाउनलोड किती झाली ते पण वर दिसत नाही, मग 'डाउनलोडच होत नाही' म्हणून वेगळा फोन येतो मला.

कॉम्प्युटरवर, म्हणजे चादरीच्या दुकानात बिलिंगला जो जुना कॉम्प्युटर असतो अन् ज्याच्यावर दुपारी पोरं सिनेमे हुडकतात तो, तिथं क्रोममध्ये तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साईट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. खाली परवानगी असलेल्यांची यादी, प्रत्येकापुढं तीन ठिपके, ब्लॉक. एजमध्ये पायऱ्या दर थोड्या दिवसांनी इकडच्या तिकडं होतात, सरळ सेटिंग्जच्या सर्चमध्ये नोटिफिकेशन टाईप करा. फायरफॉक्समध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत खाली परमिशन्स आहे, तिथं नोटिफिकेशन्सपुढचं सेटिंग्ज बटण दाबा, यादीतल्या नको त्या साईटी काढा आणि खालच्या 'नवीन साईटींना विचारूच देऊ नका' अशा अर्थाच्या चौकटीत टिक करून सेव्ह करा.

आयफोनवाल्यांना हा त्रास कमी आहे. तिथं वेबसाईटच्या नोटिफिकेशन २०२३ मध्ये, आयओएस १६.४ पासून आल्या, त्या पण साईट होम स्क्रीनवर टाकली तरच. आयफोनवर व्हायरसचे इशारे यायलेत तर कॅलेंडर उघडून बघा, एखादं अनोळखी कॅलेंडर सबस्क्राईब झालेलं असतंय, ते काढून टाका.

एवढं करताय तर एक काम कायमचं करून टाका. क्रोमच्या त्याच नोटिफिकेशनच्या पानावर सगळ्यात वर एक बटण असतं, साईटींनी परवानगी मागायची की नाही त्याचं. ते बंद करा. माझं स्पष्ट मत आहे की घरातल्या वयस्कर माणसांच्या फोनवर ते बंदच पाहिजे, त्यांना ब्राउझरमधून नोटिफिकेशनची काडीची गरज नसते. दुकानात व्हॉट्सॲप वेब ब्राउझरमधून चालवत असाल तर तेवढं एक परवानगीच्या यादीत राहू द्या. क्रोममध्ये सेफ्टी चेक पण आहे, काही साईटींच्या परवानग्या तो स्वतःहून काढतो, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

सगळं ब्लॉक केलं तरी येतंयच? मग बारीक ओळ परत वाचा. तिथं ब्राउझरचं नाव नसून दुसऱ्याच ॲपचं असेल तर दोषी ते ॲप आहे, बॅटरी सेव्हर, टॉर्च, वॉलपेपर असलं काहीतरी, ते अनइन्स्टॉल करा. मेसेज पटकन गायब होत असेल तर अँड्रॉइड ११ पासून पुढं नोटिफिकेशन हिस्ट्री मिळते, फोनच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनखाली ती चालू करून ठेवा, कोण टाकून जातंय ते नावासकट सापडतं. कॉम्प्युटरवर असेल तर ब्राउझरमधली एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या जादा प्रोग्रामांची, यादी बघा, आपण न टाकलेलं कूपनचं, व्हिडिओ डाउनलोडचं काही दिसलं तर काढा.

कधी कधी अख्खा स्क्रीन निळा-लाल होतो, भोंगा वाजतो, 'कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा'. ते नुसतं वेबपेज असतंय, फुल स्क्रीन केलेलं. एस्केप थोडा वेळ दाबून धरा, नाही गेलं तर ऑल्ट आणि एफ४, तरी नाही तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपनं टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर मारून टाका, अन् परत उघडताना जुने टॅब रिस्टोअर करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो.

आणि समजा दाबूनच बसलाय. नुसती लिंक उघडली अन् बंद केली तर शक्यतो काही होत नाही, परवानगी काढा आणि झोपा. एपीके (प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेली ॲपची फाईल) टाकली असेल किंवा कुणाच्या सांगण्यावरून एनीडेस्क, टीमव्ह्यूअर असलं लांबून दुसऱ्याला आपला फोन चालवू देणारं काही टाकलं असेल तर आधी नेट बंद, वायफाय पण, मग ते ॲप काढा. निघत नसेल तर सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाईस ॲडमिनमध्ये त्याला दिलेली परवानगी आधी काढा, मग निघतं. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, त्याच फोनवरून नाही.

कार्ड नंबर, ओटीपी दिलाय किंवा यूपीआय पिन टाकलाय (पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा) आणि पैसे गेलेत, तर लाजत बसू नका, घरात कसं सांगू म्हणून दोन दिवस काढू नका. लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावा आणि बँकेला कळवून खातं-कार्ड ब्लॉक करा, कारण पैसे पुढच्या खात्यात अडकलेले असतानाच थांबवता येतात, तिथून काढून घेतले की अवघड. लाईन लागत नसेल तर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका. मेसेजचा स्क्रीनशॉट, साईटचा पत्ता, व्यवहाराचा नंबर आणि वेळ एवढं जवळ ठेवा, म्हणजे परवानगी काढायच्या आधी स्क्रीनशॉट मारून घ्या, नंतर ती ओळ परत दिसत नाही. पोलिसांकडं जायचं असेल तर सोलापूर शहर आयुक्तालय वेगळं आणि ग्रामीण पोलीस वेगळे, बार्शी, मोहोळ, पंढरपूरकडचे असाल तर शहरातल्या सायबर ठाण्यात हेलपाटा घालण्यापेक्षा आधी जवळच्या पोलीस ठाण्यात जा.