ख्रिस्ती अस्तित्ववाद वाचताय? या चुका टाळा

ख्रिस्ती अस्तित्ववाद म्हणजे श्रद्धेकडे सिद्धांत म्हणून न बघता एकेका माणसानं करायची निवड म्हणून बघणारा विचार. त्याचा मूळ पुरुष म्हणजे एकोणिसाव्या शतकातला डॅनिश विचारवंत किर्केगार्द. तो पहिल्यांदा हातात घेतलेला माणूस कुठे घसरणार, हे आता मला अर्ध्या तासात कळतं. वाचनगटात वर्षानुवर्षं त्याच चुका ऐकतोय, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

उडी म्हणजे डोळे मिटून घेणं. सगळ्यात महागात पडणारी चूक ही. 'श्रद्धेची उडी' म्हटलं की लोकांना कडा दिसतो, दरी दिसते आणि 'होईल ते होईल' असा आवेश चढतो. किर्केगार्द 'उडी' म्हणतो ते वेगळ्या कारणासाठी. पुरावे एकावर एक रचत गेलं की श्रद्धेपर्यंत आपोआप पोहोचता येईल असा जिना नाही, एवढंच त्याला सांगायचंय.

आमच्या गटात एक तरुण होता. हुशार, पण भारी घाईचा. एका संध्याकाळी बायबलमधल्या अब्राहामावर, म्हणजे देवाच्या आज्ञेवरून आपल्या मुलाचा, इसहाकाचा बळी द्यायला निघालेल्या बापावर चर्चा झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यानं नोकरीचा राजीनामा देऊन टाकला. घरी आईला पत्ता नाही. विचारलं तर म्हणाला, "अब्राहामानं तरी साराला कुठे सांगितलं होतं?" त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण अब्राहामाच्या बायकोचा, साराचा मुद्दा आदल्या संध्याकाळी मीच मोठ्या उत्साहानं मांडला होता. पुढच्या दोन-तीन भेटींत कळलं की साहेबाशी त्याचं सहा महिन्यांपासून पटत नव्हतं. म्हणजे त्यानं सोडलं ते नकोसं झालेलं. अब्राहामाच्या हातून जाणार होता तो म्हातारपणी झालेला, जिवापाड जपलेला मुलगा. किर्केगार्दच्या 1843 च्या 'भय आणि कंप' या पुस्तकात हे अगदी स्पष्ट आहे: इसहाकावरचं प्रेम वजा करा, मग उरतो तो निव्वळ खुनाचा प्रयत्न. आणि अब्राहाम गप्प राहिला, कारण जे घडत होतं ते कोणालाच समजावून सांगता येण्यासारखं नव्हतं. आईशी होणारा वाद टाळण्यासाठी गप्प राहणं ही निराळी गोष्ट.

तेव्हापासून मी चर्चेआधी बायबलच्या 'उत्पत्ती' पुस्तकाचा 22 वा अध्याय, जिथे ही गोष्ट आहे, मोठ्यानं वाचायला लावतो. पहाटे उठणं, गाढवावर खोगीर चढवणं, लाकडं फोडणं, आणि मग तिसऱ्या दिवशी ती जागा दुरून दिसणं. तीन दिवस! पावलापावलाला मागे फिरता येईल असे तीन दिवस. लोक नेमकं ते संथ चालणारं गाढव विसरतात, अशी तक्रार 'भय आणि कंप'मध्येही आहे. एका रात्रीत उरकलेल्या निर्णयाला कुणी उडी म्हणायला लागलं की मी त्याला पुन्हा त्या अध्यायाच्या चौथ्या ओवीवर नेतो.

'किर्केगार्द म्हणतो' असं बेधडक लिहिणं. त्यानं बरीच पुस्तकं टोपणनावांनी लिहिली, आणि प्रत्येक टोपणनाव म्हणजे वेगळा विचार असलेलं एक पात्रच. 'भय आणि कंप'वर नाव आहे योहान्नेस दे सिलेन्शिओ. अब्राहामापुढे आपली मती गुंग होते, आपल्याला ही श्रद्धा जमत नाही, असं तो उघड कबूल करतो. 1849 मध्ये निराशेवर लिहिणारा अँटी-क्लायमॅकस, हे दुसरं टोपणनाव, मात्र विश्वासात खुद्द किर्केगार्दच्याही पुढे गेलेला. दोघांची वाक्यं एकाच तोंडी घातली की सगळी खिचडी होते. या पुस्तकांतली अवतरणं त्या त्या टोपणनावावर द्या, अशी विनंती किर्केगार्दनं 1846 मध्ये स्वतः छापून ठेवली आहे. मी वहीच्या समासात आधी टोपणनाव लिहितो, मग वाक्य. सुटी वचनं गोळा करून तत्त्वज्ञान कळतं, असं मानणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही.

किर्केगार्दच्या पुस्तकातल्या 'सत्य म्हणजे आत्मनिष्ठा' या वाक्याचा अर्थ 'ज्याचं त्याचं सत्य' असा लावणं. नाही. ते सत्य तुम्ही कसं जगता, त्यावर काय पणाला लावता, हा तिथला प्रश्न आहे.

स्वातंत्र्य म्हणजे मोकळीक समजणं. 1922 मध्ये रशियातून हद्दपार झालेला ख्रिस्ती तत्त्वज्ञ बेर्द्यायेव स्वातंत्र्याला हक्कापेक्षा ओझं मानतो. दस्तयेव्स्कीच्या 'करमाझोव बंधू' कादंबरीतला धर्मन्यायाधीश ख्रिस्तावर आरोप करतो तोही हाच: माणसांना पेलवणार नाही इतकं स्वातंत्र्य तू दिलंस, त्यांना तर भाकरी हवी होती.

अस्वस्थता लगेच घालवायला बघणं. किर्केगार्दच्या 1844 च्या, अस्वस्थतेवरच्याच ग्रंथात तिला स्वातंत्र्याची भोवळ म्हटलंय. आपल्याला निवडता येतं, हे कळल्याची ती खूण आहे. मात्र झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर पुस्तक मिटा आणि डॉक्टरकडे जा. हे मी कळकळीनं सांगतोय.

शंका आली म्हणजे श्रद्धा गेली, असं समजणं. विसाव्या शतकातला धर्मचिंतक पाउल तिलिख वाचा. शंका तो श्रद्धेच्या आतच धरतो.

बदल चेहऱ्यावर दिसावा अशी अपेक्षा. नवे वाचक महिनाभरात विचारतात, "माझ्यात काही फरक दिसतो का हो?" त्यांना मी 'भय आणि कंप'मधला योहान्नेसचा श्रद्धावीर, म्हणजे खरी श्रद्धा जगणारा माणूस, दाखवतो. तो दिसतो कर वसूल करणाऱ्या कारकुनासारखा. रविवारी चर्चला जातो, भजनं जोरात म्हणतो. संध्याकाळी घराकडे निघतो तेव्हा खिशात फुटकी कवडी नसते, तरी बायकोनं आज खास भाजलेल्या मटणाचा बेत केला असणार याची त्याला पक्की खात्री असते. वाटेत भेटेल त्याच्याशी त्या जेवणाबद्दल बोलत तो घरी पोहोचतो. बेत नसतो. आणि त्याच्यात तसूभरही फरक पडत नाही.