कर्करोगाच्या जनुकशास्त्रात संशोधन करायचे असेल तर

रेणवीय जीवशास्त्र शिकून कर्करोगाच्या जनुकशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला काय करायचे आहे असे विचारले, तर उत्तरात बहुधा एखाद्या तंत्राचे नाव येते: क्रिस्पर (जनुकात हवा तो बदल करण्याचे तंत्र), सिंगल-सेल सिक्वेन्सिंग (एकेका पेशीतील जनुकीय क्रम वाचणे) किंवा सध्या ज्याची चर्चा चालू असेल ते. तंत्र शिकावेच लागते, पण कारकीर्द त्यावर उभी करू नये, कारण तंत्र जुने होते आणि प्रश्न उरतो. मेरी-क्लेअर किंग यांनी १९७०च्या दशकात स्तनाच्या कर्करोगाची आनुवंशिकता शोधायला घेतली, तेव्हा एकच जनुक इतका मोठा धोका वारशाने देऊ शकेल हे अनेकांना पटत नव्हते. सुरुवातीला त्यांच्याकडे रक्तातील प्रथिनांचे भेद एवढ्याच खुणा होत्या. पुढे डीएनएमधील खुणा उपलब्ध झाल्या आणि १९९० मध्ये त्या जनुकाची सतराव्या गुणसूत्रावरील जागा निश्चित झाली. १९९४ मध्ये प्रत्यक्ष ते जनुक, म्हणजे बीआरसीए१, वेगळे काढण्यात दुसरा गट पुढे गेला, तरीही किंग यांचे काम थांबले नाही, कारण शर्यत संपली तरी प्रश्न संपला नव्हता.

म्हणून पीएचडीसाठी अर्ज करण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून पाहावा, आणि उत्तर 'होय' आले किंवा 'नाही' आले तरी काही कळेल का, हे तपासावे. फक्त 'होय' आले तरच प्रबंध पूर्ण होईल असा प्रश्न टाळलेला बरा. चांगला प्रश्न कसा असतो हे समजण्यासाठी आल्फ्रेड नुडसन यांचा १९७१ चा शोधनिबंध मुळातून वाचावा. रेटिनोब्लास्टोमा या डोळ्यांच्या कर्करोगाच्या ४८ रुग्णांची नोंद, निदानाच्या वेळचे वय, एक डोळा की दोन्ही, आणि कुटुंबातील इतिहास, एवढ्याच सामग्रीवरून त्यांनी आजार होण्यासाठी दोन आघात, म्हणजे दोन उत्परिवर्तने (जनुकातील बदल) लागतात असे मांडले. त्यामागचे आरबी१ हे जनुक हाती येईपर्यंत १९८६ उजाडले.

प्रयोगशाळा निवडताना मार्गदर्शकाच्या प्रसिद्धीपेक्षा तीन गोष्टींची चौकशी करावी: गाठींचे नमुने कुठून आणि कोणत्या संमतीने येतात, विकृतिशास्त्रज्ञ प्रत्यक्ष काचपट्टी पाहतो का, आणि माहितीचे विश्लेषण कोण करते. याची खरी उत्तरे मार्गदर्शकाकडून नव्हे, तर तिथे तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांकडून मिळतात. संख्याशास्त्र आणि थोडे प्रोग्रॅमिंग पहिल्या वर्षीच शिकून घ्यावे. विश्लेषण पूर्णपणे दुसऱ्यावर सोपवणाऱ्याला स्वतःच्याच निष्कर्षावर शंका घेता येत नाही.

आणि शंका घेणे हेच या क्षेत्रातले मुख्य कौशल्य आहे. गाठीत उत्परिवर्तन सापडणे अगदी सोपे असते. त्याने कर्करोगाला हातभार लावला हे दाखवणे अवघड. टायटिन या स्नायूंतील प्रथिनाचे जनुक अनेक प्रकारच्या गाठींत वारंवार बदललेले दिसते, पण त्याचे मुख्य कारण म्हणजे ते प्रथिन सुमारे ३५,००० अमिनो आम्लांचे आहे आणि एवढ्या लांब जनुकावर यदृच्छेने होणारे बदल जास्तच पडणार. त्यामुळे जनुकाची लांबी, त्या भागातील उत्परिवर्तनाचा मूळ वेग आणि रुग्णाच्या निरोगी पेशींतील क्रम यांच्याशी तुलना केल्याशिवाय कोणत्याही यादीवर विश्वास ठेवू नये.

यादी तपासताना प्रत्येक बदल किती टक्के वाचनांत (यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांत) दिसतो ते पाहावे. नमुन्यातील ४० टक्के पेशी कर्करोगाच्या असतील आणि त्या सर्वांत जनुकाच्या दोनपैकी एका प्रतीत बदल असेल, तर तो सुमारे २० टक्के वाचनांत दिसायला हवा. दोन-तीन टक्क्यांवर घुटमळणारे, सायटोसिन या डीएनएतील अक्षराच्या जागी थायमिन हे दुसरे अक्षर दाखवणारे बदल पुष्कळ असतील, तर नमुना फॉर्मेलिनमध्ये ठेवून मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेला होता का, हे आधी विचारावे. फॉर्मेलिनने बाधित डीएनएमध्ये सायटोसिनचे युरॅसिल होते आणि सिक्वेन्सिंग यंत्र त्याला थायमिन समजते. युरॅसिल काढून टाकणारे विकर (एन्झाइम) आधी वापरले तर हा दोष बराच कमी होतो. मात्र मेथिलयुक्त सायटोसिनचे थेट थायमिनच होत असल्याने तेवढे बदल त्यातून निसटतात.

यानंतर येते जनुकाचे कार्य तपासण्याची पायरी, आणि इथे घाई सर्वांत महाग पडते. पी५३ हे प्रथिन १९७९ मध्ये सापडले आणि जवळजवळ दहा वर्षे ते कर्करोगाला चालना देते असे मानले गेले, कारण प्रयोगांत वापरलेल्या जनुकाच्या अनेक प्रती मुळातच उत्परिवर्तित होत्या. मूळ, अबाधित प्रत वाढ रोखते हे १९८९ मध्ये स्पष्ट झाले. म्हणून हाती आलेल्या प्रत्येक प्लाझ्मिडचा (जनुक पेशीत नेणाऱ्या वर्तुळाकार डीएनएचा) क्रम स्वतः वाचून घ्यावा. जनुक निकामी करताना किमान दोन वेगवेगळे गाइड आरएनए (क्रिस्परला जनुकातील नेमकी जागा दाखवणारे रेणू) वापरावेत, आणि जनुक परत घातल्यावर परिणाम उलटतो का, हे दाखवावे. मेल्क या विकरावर कर्करोगाच्या पेशी अवलंबून आहेत असे आरएनए हस्तक्षेपाच्या (जनुक न काढता त्याचा संदेश दाबण्याच्या) प्रयोगांवरून वाटत होते आणि त्यावरचे औषध रुग्णांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले होते. २०१७ मध्ये क्रिस्परने ते जनुकच काढून टाकले तरी पेशी वाढत राहिल्या, आणि औषधाने त्या तशाच मरत राहिल्या, म्हणजे औषधाचा परिणाम मेल्कमुळे होत नव्हता.

सेल लाइनची (प्रयोगशाळेत सतत वाढवल्या जाणाऱ्या पेशींची) ओळख एसटीआर या डीएनए-ठशाच्या चाचणीने पटवणे आणि त्यांत मायकोप्लाझ्मा या जिवाणूंचा संसर्ग नाही ना, याची नियमित तपासणी करणे हे कंटाळवाणे काम आहे, पण एमडीए-एमबी-४३५ ही लाइन स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वर्षानुवर्षे वापरली गेली आणि ती प्रत्यक्षात मेलानोमाची (त्वचेच्या रंगद्रव्य-पेशींच्या कर्करोगाची) निघाली, एवढे आठवले तरी कंटाळा जातो.

पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी) जाताना प्रश्नाचा धागा तोच ठेवून प्रायोगिक प्रणाली बदलणे सहसा फायद्याचे ठरते. पेशींवर काम केलेल्याने उंदरांच्या किंवा रुग्णांच्या नमुन्यांकडे जावे. बाहेर पडताना प्रकल्पाचा कोणता भाग आपल्यासोबत न्यायचा, हे पहिल्याच महिन्यात मार्गदर्शकाशी बोलून लेखी ठरवावे, कारण शेवटच्या महिन्यात ते ठरवू पाहणाऱ्यांत हमखास कटुता येते.

रुग्णांच्या नमुन्यांवर काम करणाऱ्याला कधी ना कधी वारशाने आलेले धोकादायक उत्परिवर्तन अनपेक्षितपणे दिसते. त्या वेळी काय करायचे, हे नैतिक समितीच्या मंजुरीच्या आणि संमतिपत्राच्या टप्प्यावरच लिहून ठेवावे. २०१५ पासून रूढ असलेल्या मार्गदर्शनानुसार अशा बदलांचे पाच वर्ग करतात आणि त्यांतला 'अर्थ अनिश्चित' हा मधला वर्ग सर्वांत फसवा असतो. पुढे पुरावा वाढला की त्यातले बदल दुसऱ्या वर्गात जातात, म्हणून केवळ त्याच्या आधारे शस्त्रक्रियेसारखा निर्णय घेतला जाऊ नये. संशोधनाच्या प्रयोगशाळेतला निकाल थेट रुग्णाला कळवू नये. नवा नमुना घेऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय प्रयोगशाळेत खात्री करून घ्यावी, आणि ते सांगण्याचे काम जनुकीय समुपदेशकाकडे सोपवावे.