पहिलटकरणीच्या घरी व्हिजिटला जाताय? या चुका टाळा

इंदूरला मालवा मिल, परदेशीपुरा त्या बाजूच्या वस्त्यांमध्ये मी नर्स म्हणून घरोघरी जाते. बहुतेक पहिलटकरणी, नवरा रोजंदारीवर नाहीतर दुकानात कामाला, एका खोलीत पाच-सहा माणसं. आपली मराठी घरंही त्यात आहेत, काहींचे आजोबा मिलमध्ये कामाला आले आणि मिल बंद पडल्या तरी घरं इथेच राहिली. नवीन मुली टीममध्ये आल्या की मला विचारतात ताई काय सांभाळायचं, तर ते सगळं एकदा लिहून काढतेय. आशाताई, एएनएम (उपकेंद्राच्या नर्सताई), संस्थेच्या नर्सेस, सगळ्यांना उपयोगी पडेल आणि घरच्यांनी वाचलं तरी चांगलंच आहे.

आत शिरताच रजिस्टर उघडणं

ही चूक मी स्वतः केलीय म्हणून आधी हीच सांगते. सातव्या दिवसाची व्हिजिट होती, मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, बाळाचं जन्माचं वजन २ किलो ७०० ग्रॅम आणि माझ्या काट्यावर भरलं २ किलो ५००. मी पलंगाच्या कडेला बसले, रजिस्टर उघडलं आणि सुरू झाले, दूध पितंय का, शू किती वेळा होते, वरचं काही देता का. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सासूबाई देत होत्या, "चांगलं पितंय की, वरचं काही नाही देत आम्ही." मुलगी मान खाली घालून गोधडीचा सुटलेला दोरा ओढत बसलेली. मी सगळ्या चौकटींत टिक मारली, अंगावर पाजण्यावर दहा मिनिटं भाषण दिलं आणि उठले. दारात चपला घालताना फळीवर पिठाच्या डब्याआड बाटलीचं गुलाबी बूच दिसलं.

परत आत गेले. रजिस्टर पिशवीत टाकलं, आजींना म्हटलं, "आजी, बाळाचे कपडे वाळले का जरा बघता का, मला परत एकदा वजन करायचंय." त्या गेल्या आणि ती मुलगी पहिल्यांदा बोलली, "ताई, पाजताना इतकं दुखतं की मी दात आवळून बसते, म्हणून रात्री हे बाटलीनं देतात. आईंना माहितीय, पण तुम्ही रागवाल म्हणून कोणी बोललं नाही."

तुम्ही रागवाल म्हणून. म्हणजे त्या घरात माझ्यापासून लपवायचं असं आधीच ठरलं होतं आणि मी भाषण देऊन ते आणखी पक्कं केलं होतं.

बघितलं तर स्तनाग्राला चीर पडलेली, बाळ फक्त टोक पकडत होतं. मग तिथेच बसून केलं, बाळाचं पोट आईच्या पोटाला, तोंड मोठं उघडलं की मगच छातीशी घ्यायचं, टोकाबरोबर आजूबाजूचा काळा भागही तोंडात, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. पाजून झालं की स्वतःच्याच दुधाचे दोन थेंब चिरेवर लावून वाळू द्यायचं. दोन दिवसांनी परत गेले तेव्हा २ किलो ५५० आणि चौदाव्या दिवशी २ किलो ७२०. बाटली फळीवरून गेलेली.

तर पहिली पंधरा मिनिटं कागद काढायचा नाही. बाळाला हात धुऊन जवळ घ्या, तिला विचारा रात्र कशी गेली, आणि दर व्हिजिटला निदान पाच मिनिटं ती एकटी बोलू शकेल असं काहीतरी निमित्त काढा.

"दूध पुरत नाही" ऐकून लगेच मान डोलावणं

हे वाक्य प्रत्येक घरात येतं. बाळ रडलं की दूध कमी असं समजतात. आधी मोजा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि वजन चढत असेल तर दूध पुरतंय. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच, साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत यायला हवं, नाही आलं तर डॉक्टरकडे पाठवा. आणि काट्याचं सांगते, रिकामी झोळी टांगून शून्यावर आणल्याशिवाय वजन घेऊ नका, बाळाचे कपडे काढून घ्या, दरवेळी तोच काटा वापरा. एकदा स्वेटर-टोपी-लंगोटासकट घेतलेल्या वजनामुळे आम्हाला बाळ वाढतंय असं वाटलं आणि ते वाढत नव्हतं.

उन्हाळ्यात पाणी पाजण्यावरून हमखास वाद होतो. इंदूरचा मे महिना, पत्र्याची खोली, आजी म्हणतात जीव सुकेल लेकराचा. त्यांना सांगा की आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं, त्यामुळे सहा महिने वेगळं पाणी नको, दोनदा जास्त पाजायचं आणि पाणी आईनं प्यायचं.

नळाच्या वेळेला जाणं

छोटी गोष्ट आहे पण व्हिजिट वाया जाते. इथे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्या वेळी सगळं घर हंडे-बादल्या घेऊन बाहेर असतं, आणि तुम्ही दारात उभ्या. शेजारणीकडून वस्तीचा नळाचा वार विचारून घ्या.

बाळ झाल्यावर पहिल्यांदा जाणं

अमेरिकेत डेव्हिड ओल्ड्स या संशोधकानं १९७७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावी हे काम सुरू केलं, कमी उत्पन्नाच्या, पहिल्यांदा आई होणाऱ्या मुलींच्या घरी नर्स जाणार, आणि जाणार ती गरोदरपणापासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत, तीच ती नर्स. पुढे मेंफिस आणि डेन्व्हरलाही केलं. डेन्व्हरमध्ये नर्स आणि नर्सिंग न शिकलेल्या कार्यकर्त्या अशी तुलना झाली, नर्सेसच्या व्हिजिटचा परिणाम जास्त दिसला. मला त्यातलं एकच आपल्यासाठी महत्त्वाचं वाटतं, बाळ यायच्या आधी ओळख होते. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी अनोळखी बाई दारात आली तर अंग दुखणारी मुलगी तिला काय सांगणार?

आपल्याकडे गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, श्वास मोजायला, वजन घ्यायला, आणि त्यांच्या १९९९ च्या अभ्यासात नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. त्या कामाचा आधार घेऊनच २०११ मध्ये देशभर आशाताईंच्या घरोघरच्या भेटी सुरू झाल्या, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही.

पण आपल्या मराठी घरांत एक घोटाळा होतो, पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी देवासला, खंडव्याला, नाहीतर थेट जळगावला, आणि आपल्या रजिस्टरमध्ये "घरी नाही" असा शेरा. बाळ झाल्यावर सव्वा महिना-तीन महिने तिकडेच, म्हणजे ज्या व्हिजिट सगळ्यात गरजेच्या त्याच बुडतात. पाचव्या महिन्यातच विचारा माहेर कुठं, तिकडचा पत्ता, आईचा मोबाइल लिहून घ्या, तिकडच्या आशाताईचा नंबर मिळवून तिच्याशी स्वतः बोला. जच्चा-बच्चा कार्ड (आई-बाळाच्या तपासण्या आणि लसींची नोंद असलेलं) पिशवीत सगळ्यात वर ठेवायला सांगा, कार्ड असलं की लस कुठल्याही सरकारी केंद्रावर मिळते.

आणि लग्नात नाव बदललेलं असतं ना, ते तपासा. आधारवर माहेरचं नाव, कार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच, मग सरकारच्या मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाचे ५,००० रुपये अडकतात. हे गरोदरपणातच उरकायचं, ओली बाळंतीण बाळ घेऊन रांगेत उभी राहू शकत नाही.

सासूशी भांडण

सासू ही त्या घरातली तुमची सगळ्यात मोठी मदत आहे. तिला सूनेसमोर "तुम्ही चूक करता" म्हटलं की दार बंद. मी असं करते, जे चालतं त्याचं आधी कौतुक, हलक्या हाताची मालिश चांगली, डिंकाचे लाडू चांगले, अळिवाची खीर चांगली. मग जे अजिबात चालणार नाही तेवढंच धरायचं. मध चाटवायचा नाही, वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम, म्हणजे जीवघेणी विषबाधा, होऊ शकतो. नाळेवर हळद, तेल, राख काही नाही, कोरडी ठेवायची. डोळ्यात काजळ नाही. आणि दारं-खिडक्या लावून शेगडीचा शेक नाही, कोळशाचा वायू दिसत नाही, वास येत नाही आणि आई-बाळ दोघांचा जीव जाऊ शकतो. शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी कंबरेला.

बाळ अडीच किलोच्या आतलं असेल तर आजीलाच काम द्या, बाळ उघडं करून आपल्या छातीशी धरून वरून पांघरूण. आई जेवत असताना, अंघोळीला गेलेली असताना आजी हे करू शकतात, आणि एकदा केलं की मग आजीच शेजारणीला शिकवतात, मी पाहिलंय.

गोळ्या दिल्या म्हणजे खाल्ल्या असं धरणं

पाकीट मागा आणि मोजा. लोहाच्या गोळीनं शी काळी होते हे कुणी सांगितलेलंच नसतं, मुलगी घाबरून बंद करते. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यायला सांगा. चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको, दोन्हींत अंतर ठेवायचं. लिंबू पिळलेलं चालतं. बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, हे तर बऱ्याच जणींना माहितीच नसतं.

फक्त बाळाकडे बघणं

बाळंतपणानंतर चार-पाच दिवस उगाच रडू येणं नेहमीचं आहे, दोन आठवड्यांत जातं. त्यापुढेही ती उदास असेल, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, तर "पहिलंच आहे, होईल सवय" म्हणून उठू नका. सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का, बाळाला काही करावंसं वाटतं का. विचारल्यानं तो विचार डोक्यात जात नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून ती रडून मोकळी होते. उत्तर "हो" असेल तर तिला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर. टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, नवऱ्याच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

पुढच्या व्हिजिटची वाट बघणं

बाळ दूध ओढत नाही, सुस्त पडलंय, झटके येतायत, अंग तापलंय किंवा पोटसुद्धा गार लागतंय, छाती आत ओढली जातेय, तळहात-तळपाय पिवळे, नाळेतून पू, श्वास पूर्ण एक मिनिट मोजून साठ किंवा जास्त. आईला रक्त थांबत नाही, ताप, घाण वास, डोकं फुटतंय आणि डोळ्यांपुढे अंधारी, एका पोटरीला सूज आणि दुखणं. यातलं एक जरी असलं तरी १०८ ला फोन, त्याच क्षणी. हे कागदावर छापून देऊन उपयोग नाही, तिच्याकडून आणि नवऱ्याकडून म्हणवून घ्या, श्वास तिच्याच बाळावर तिला मोजायला लावा.

बेचाळिसाव्या दिवसानंतर आशाताईची पुढची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात, आणि याच सुमारास सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी येतात. त्या तारखा जायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिच्याच हातानं गोल करवून घ्या, आणि खाली तुमचा नंबर लिहून या.