दोन्हीकडचा क्ष उडवू नका

दहावीपर्यंत माझं बीजगणित बरं होतं. अकरावी सायन्सला फंक्शनची शून्यं, म्हणजे क्षच्या ज्या किमतींना फंक्शन शून्य होतं त्या, काढायची वेळ आली आणि तिथे मी जी अडकले ती दिवाळीपर्यंत. अवयव यायचे, सूत्र तोंडपाठ, विवेचक काढता यायचा, तरी मार्क अर्धेच.

गणित होतं क्ष³ = ४क्ष. (पुस्तकात एक्स असतो, मी क्ष लिहितेय.) मी दोन्हीकडचा एकेक क्ष उडवला, राहिलं क्ष² = ४, उत्तर २. खरी उत्तरं तीन आहेत, ०, २ आणि -२. वर्गमूळ घेताना -२ राहून गेलं, ते समजू शकतं, पण ० मी माझ्या हाताने घालवलं. क्षने भागलं म्हणजे क्ष शून्य नाही असं आपण परस्पर धरून चाललो, आणि इथे तर तो शून्य असू शकतो! आणि ताळा करून हे सापडत नाही, कारण २ टाकलं की ८ = ८ येतं, सगळं बरोबर दिसतं, गेलेलं उत्तर ताळ्यात कुठून दिसणार. म्हणून सगळं एका बाजूला आणायचं, क्ष³ - ४क्ष = ०, मग क्ष(क्ष - २)(क्ष + २) = ०, आणि एकेक अवयव शून्य धरायचा. कंसाचंही तेच, क्ष(क्ष - २) = ३(क्ष - २) मधला कंस उडवलात की ३ मिळतं, २ जातं. ५ ने, ७ ने खुशाल भागा, चलाने (म्हणजे क्षसारख्या अक्षराने) नको. घात ३ असताना एकच उत्तर आलं तर परत बघा.

"पलीकडे गेलं की गुणाकाराचा भागाकार" हे क्लासमध्ये पाठ करून घेतात त्याचा मला अजून राग येतो, पलीकडे काही जात नसतं, दोन्ही बाजूंना तीच क्रिया होते.

उत्तर सोडायचंच नाही असं नाही हां. भास्कराचार्यांच्या बीजगणितात माकडांचं गणित आहे, कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग केला तितकी गुहेत गेली, १ फांदीवर दिसतंय, तर कळपात एकूण किती? उत्तरं येतात ५० आणि ५. त्यांनी दोन्ही काढली आणि मग ५ सोडलं, कारण ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ माकडं कशी वजा करणार?

घाबरू नका, मलाही चार महिने लागले, दोन आठवडे रोज पाच गणितं केलीत की हात बसतो. आत्ता क्ष² = ७क्ष सोडवा, नुसतं ७ आलं तर वरचं परत वाचा.